काव लागलेलं कवाड

माझ्या नातवंडांचा समज असा, की निजामाच्या राज्यात वकिली केली म्हणजे आजोबांनी खून-दरोड्याचे खटले गाजवले असणार. मी तो समज बरीच वर्षं मोडला नाही. खरं तर खुनाच्या खटल्यात उभं राहायची सनदच माझ्याकडे नव्हती. हुमनाबादला तहसील कचेरीसमोर एका पानवाल्याच्या ओट्यावर माझी बैठक असे. तिथे येणारी माणसं हातात एकाच जातीचा कागद घेऊन येत. सरकारने काहीतरी बंद करायला सांगितल्याचा तो कागद. भट्टी पेटवू नका, घाणा हलवा, भिंत पाडा, इथे बाजार भरवू नका. अशा हुकुमावर वरच्या कचेरीत दाद मागायची, त्याला आमच्याकडे मुराफा म्हणत. बीदर आणि गुलबर्गा या दोन जिल्ह्यांत मी जन्मभर मुराफेच केले.

धंदा समजायला सोपा होता. हुकूम उर्दूत असे, घेणारा मराठी नाहीतर कानडी, आणि कागद आणून देणाऱ्या चपराशाला तिन्ही भाषा बोलता येत, वाचता एकही येत नसे. तो तोंडाने सांगेल तोच हुकूम. कागद बजावल्यापासून तीस दिवसांत मुराफा दाखल झाला पाहिजे आणि सोबत मूळ कागद पाहिजे. एकतिसाव्या दिवशी आलात तर रामराम. जिंकायच्या वाटा दोन. हुकूमच चुकीचा आहे हे दाखवायचं, ही पहिली. त्यात साक्षीदार आले, डॉक्टर-इंजिनियर आले, सगळी जत्रा आली. दुसरी वाट अशी, की हुकूम असेल बरोबर, पण बजावला नियमाबाहेर. तिला फक्त नियमाचं पुस्तक लागतं. मी दुसऱ्या वाटेचा माणूस. हुकुमाच्या पोटात काय आहे याच्याशी मला कर्तव्य नसे.

गाणगापूरच्या एका पुजाऱ्यावर हुकूम आला होता, की तुमची माडी पडायला झाली आहे, तिच्यावर यात्रेकरू उतरवू नका. मी पाहिलं तर हुकूम त्याच्या मेलेल्या वडिलांच्या नावावर. मेलेल्या माणसाला हुकूम बजावता येत नाही. जिंकलो. पुजाऱ्याने नारळ आणि उपरणं दिलं. पुढच्या पावसाळ्यात माडी पडली. भर दुपारी पडली आणि यात्रेकरू सगळे संगमावर गेले होते म्हणून कोणी मेलं नाही. मी ही गोष्ट पुढे कित्येक वर्षं हसत हसत सांगत असे. आता सांगत नाही, आणि ते ज्या कामामुळे सुटलं ते लिहिण्यासाठीच हा खटाटोप.

गावाचं नाव लिहीत नाही. राजेश्वर आणि कोहिनूर यांच्या मधलं कुठलंसं समजा. तिथल्या लेकीसुनांना अजून नांदायचं आहे आणि या गोष्टीत पुढे जो रोग येतो त्याचं नाव गावाला चिकटलं की त्या काळी पाहुणे मुलगी द्यायला येत नसत.

दिवाळी चार-पाच दिवसांवर होती. सकाळी ओट्याशी एक बैलगाडी थांबली. गाडीतून पन्नाशीची एक बाई उतरली. कपाळावर विभूती, गळ्यात चांदीचं लिंग, पाय धुळीने भरलेले. तिला गावात नागाक्का म्हणत. नवरा वारलेला, मुलगा सोलापूरला गिरणीत, घरी ती आणि सून.

"वकीलअण्णा, आमची हीर बुजवायलेत," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

"कोण बुजवायलंय?"

"सरकार. चपराशी म्हणला, तीस दिसात बुजवा, न्हाईतर सरकार बुजवल आन वर दंड घेईल."

"कागद कुठाय?"

"कवाडाला चिटकवलाय."

"मग काढून कामून आणला न्हाई, अक्का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की हा कसला वकील! "हात लावला की लागू होतो न्हवं हुकूम? आमी कुनीच हात लावला न्हाई."

हा आमच्या भागातला जुना समज. सरकारी कागदाला हात लावला नाही तर तो आपल्याला लागत नाही. मी मी म्हणणारे शेतकरी कागद पाहिला की हात पाठीमागे बांधत. तेवढ्यात तीस दिवस निघून जात. मी विचारलं, कागद कधी चिकटवला? ती म्हणाली, घट बसायच्या चार दिवस आधी. बोटांवर मोजलं. अठ्ठाविसावा दिवस होता.

विहीर तिच्या नवऱ्याने खोदलेली. एकट्याने, दरवर्षी उन्हाळ्यात थोडी थोडी करत. काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट पाण्यापर्यंत. तिच्यावर पानमळा, आणि आमच्या भागातला पानमळा म्हणजे तान्हं मूल. आठ दिवस पाणी चुकलं की वेल गेला, आणि पुन्हा उभा करायला वर्षं लागतात. त्याशिवाय अर्धं गाव त्या विहिरीवर पाणी भरत होतं. शेवटची पायरी बसवली त्या वर्षी नवरा तापाने गेला. ती म्हणाली, "त्यांचं तेवढंच ऱ्हायलंय." मग ती रडायला लागली, आणि मी ताबडतोब तिच्या गाडीत बसलो.

दुपारी गावात पोचलो. ओसरीवर शेजारचा एक म्हातारा घोट्याला चिंधी बांधून पाय लांब करून बसला होता. मी पाहिलं आणि विसरलो. माझं लक्ष दाराकडे होतं. दोन कवाडांचं दार, डाव्या कवाडावर कागद, आणि कागदाचा वरचा अर्धा भाग पांढरा तर खालचा लालभडक. घट बसायच्या आधी घर सारवायचं, भिंतींना आणि दारांना कमरेइतकी काव लावायची, ही तिकडची रीत. काव म्हणजे तांबडी माती, डिंकाच्या पाण्यात कालवलेली. एकदा वाळली की वर्षभर हलत नाही.

"कागदावर काव कोणी लावली?" मी ओरडलोच.

सून दाराआड उभी होती. मल्लव्वा तिचं नाव, विशीतली पोर. "अत्ती म्हणल्या व्हत्या, कागदाला हात लावू नको," ती खाली बघत म्हणाली. "मी हात न्हाई लावला. कुंचा फिरवला."

मला हसू आलं, पण ते गिळलं. वरचा भाग वाचला. कोणती विहीर, मालक कोण, आणि पुढे, लोकांच्या आरोग्याला धोका असल्यामुळे मालकाने तीस दिवसांत... तिथून खाली काव. मल्लव्वा लगबगीने ओलं फडकं घेऊन आली.

"पाणी लावू नको!" मी तिचा हात धरायचाच बाकी ठेवला. कागद फाटला असता तर मूळ हुकूम गेला, आणि मूळ हुकूम नाही तर मुराफा नाही.

"खाली काय लिवलंय?" नागाक्काने विचारलं.

"काही का लिहिलेलं असेना अक्का, आपल्याला ते लागत नाही."

हे वाक्य मी अगदी सहज बोललो. रुबाबात बोललो म्हटलं तरी चालेल. कारण तोवर मला जे हवं ते सापडलं होतं. चपराशी आला तेव्हा नागाक्का घरातच जात्यावर बसली होती. त्याने हाक मारली नाही, आत निरोप दिला नाही, बाईमाणसाच्या हातात कागद कसा द्यायचा म्हणून सरळ चिकटवून निघून गेला. नियम असा, की आधी दोन पंचांसमोर हातात द्यायचा आणि पावतीवर त्यांच्या सह्या घ्यायच्या. घेतला नाही तर त्याच पंचांच्या सह्या घेऊन मगच दाराला लावायचा. पंच कोणी पाहिले नव्हते. माझी दुसरी वाट समोर मोकळी पडली होती.

कागद निघेना. सुरीचं पातं घातलं तर कोपरा सोलला. शेवटी सुताराला बोलावलं आणि सबंध कवाडच खुंटावरून उचलून काढलं. नागाक्काने दाराच्या उघड्या बाजूला गोणपाट लावलं. दुसऱ्या दिवशी हुमनाबादच्या स्टँडवर मोटारवाला म्हणाला, "वकीलसाब, घर बदलायलाव का?" त्याच्या हातापाया पडून कवाड टपावर बांधलं, कागदावर धोतराची चौघडी अंथरली, आणि गुलबर्ग्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली झाला.

तिसाव्या दिवशी सकाळी तिथल्या वरच्या कचेरीत गेलो, तर पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारा कारकून, अर्ज घेईना. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी लागणार होती, त्याला घरी जायची घाई. "मूळ हुकूम जोडा म्हणलंय. लाकूड जोडा म्हणलं न्हाई."

"हुकूम लाकडावर आहे, त्याला मी काय करू?"

"सुट्टीनंतर या."

सुट्टीनंतर म्हणजे विहीर गेली. मी अर्ज त्याच्या मेजावर ठेवला, कवाड दारात आडवं केलं आणि म्हणालो, घेईपर्यंत हे हलणार नाही. दुपार टळली. कारकून कवाड ओलांडून ये-जा करत होते, शिव्या देत होते. आत टाकलं असतं तर सोडवायला कोण येणार होतं? अखेर मुराफे ऐकणारे साहेबच बाहेर आले. पिकलेल्या दाढीचे, शांत डोळ्यांचे गृहस्थ.

"क्या है ये वकीलसाब? दरवाजा?"

"हौ साब. हुकूम इसीपर चिपका है. तुमारे चपराशीनेच चिपकाया."

त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. "दाखल करो," ते म्हणाले. कवाडावर खडूने नंबर पडला. सुनावणीपर्यंत ते व्हरांड्यात भिंतीला टेकून उभं होतं. चपराशी त्याच्यावर पगड्या अडकवायचे. नागाक्काने ती दिवाळी अर्ध्या दारावर काढली आणि उघड्या उंबऱ्यावर पणत्या लावल्या.

सुनावणीला सरकारच्या बाजूने आरोग्यखात्याचे एक डॉक्टर आले होते. तरणेबांड, चष्मेवाले, हैदराबादहून नवीन आलेले. मूळ मिसल, म्हणजे प्रकरणाची सगळी कागदपत्रं, बीदरलाच राहिली होती, त्यांच्याकडे फक्त हुकूम बजावल्याची पावती होती. पावतीवर चपराशाचा अंगठा, आणि पंचांची जागा कोरी.

डॉक्टर उठले. "साब, इस गांव में नारू बहुत है. मैं बताता हूं, पानी में..."

"हरकत आहे," मी मध्येच म्हणालो. "आधी हुकूम बजावला की नाही ते ठरू द्या. रोगाचं मग बघू."

साहेबांनी मान डोलावली. डॉक्टर बसले, पुन्हा उठले, "एक मिनट साब," म्हणाले. मी पुन्हा हरकत घेतली. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड उघडलं नाही. मग साहेब खुर्चीवरून उठून कवाडाजवळ गेले. वाकून पाहिलं.

"नीचे क्या लिखा है? पंचोंके दस्तखत इसके नीचे होंगे तो? पानी लाओ, धोके देखते."

चपराशी तांब्या घेऊन निघालाच. खाली खरंच सह्या असल्या तर? गावात कोणी खोटं तर नाही ना सांगितलं? नागाक्का कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून उभी होती. मी पुढे झालो आणि कवाडासमोर दोन्ही हात पसरले.

"साहेब, हा माझ्या पक्षकाराचा एकुलता एक पुरावा आहे. पाण्याने फाटला तर भरून कोण देणार? पंच असते तर पावतीवर असते. पावती तुमच्या हातात आहे. ती वाचा."

साहेबांनी पावती वाचली, डॉक्टरांकडे पाहिलं, तांब्या परत पाठवला. हुकूम रद्द झाला. सगळं मिळून घटकाभराचं काम. बाहेर डॉक्टर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वकीलसाब, आपने पढा तो था ना?" मी म्हणालो, "जेवढं लागत होतं तेवढं वाचलं." ते निघून गेले.

कवाड वाजतगाजत गावात गेलं. हलगी होती, गुलाल होता. नागाक्काने कागद कवाडावर तसाच राहू दिला. जिंकलेला कागद म्हणून त्याला हळदकुंकू लावलं. मग ती मला विहिरीवर घेऊन गेली. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत होत्या. मीही पायऱ्या उतरलो, पाण्यात पाय सोडले आणि ओंजळीने पोटभर पाणी प्यालो. आयुष्यात इतकं गोड पाणी मी प्यालो नाही, असं तेव्हा म्हणालो आणि ते खोटं नव्हतं.

पुढची दिवाळी उरकली आणि माझ्या डाव्या घोट्यावर एक फोड आला. आग अशी, की पाय पाण्यात बुडवावासा वाटे. फोड फुटला आणि आतून पांढरं सुतासारखं टोक बाहेर आलं. आमच्या भागात नारू कोणाला ठाऊक नाही? पण तो उष्णतेने होतो, नाहीतर कोणाच्या तळतळाटाने होतो, असंच आम्ही धरून चाललेलो. बायकोने काडी आणली. रोज बोटभर ओढून काडीला गुंडाळायचा, तुटू द्यायचा नाही. तुटला तर पाय सुजून माणूस जातो. मी ओट्यावर न जाता घरी पाय पसरून बसलो आणि बसल्या बसल्या हिशेब लागत गेला. वर्षापूर्वी त्या विहिरीत प्यालेलं पाणी. डॉक्टर. "पानी में..." इतकंच मी त्यांना बोलू दिलं होतं.

बायको नको म्हणत असताना घोट्यावर काडी बांधून मी गाडीत बसलो.

गावात शिरताच ओसऱ्या दिसल्या. एक सोडून एक ओसरीवर पाय चिंध्यांत बांधलेली माणसं. नागाक्काच्या घरात मल्लव्वा बाजेवर पडली होती. तिचा नारू ओढताना तुटला होता. गुडघ्यापासून खाली पाय भोपळ्यासारखा झाला होता आणि ती तापात बडबडत होती. नागाक्का तिच्या पायाला कढत पाल्याचा शेक देत होती. माझ्या घोट्याकडे तिची नजर गेली.

"तुमाला बी?"

मी मान डोलावली आणि कवाडापाशी गेलो. यंदा घट बसताना कागदावर नवी काव फिरवली नव्हती, जुनीचे पोपडे सुटायला आले होते, वर हळदकुंकवाचे थर. मी फडकं भिजवून मागितलं. नागाक्काने आणून दिलं. हळूहळू पुसत गेलो. खालचा मजकूर छापील होता, तो पाण्याने हलला नाही. कागदही फाटला नाही. एक वर्षापूर्वीही फाटला नसता.

"वाचा," नागाक्का म्हणाली.

मी वाचलं. पायऱ्यांवरून पाण्यात उतरणं बंद करावं. नारूचा पाय पाण्यात पडला की रोग पाण्यात उतरतो आणि ते पाणी पिणाऱ्याला होतो. पायऱ्या दगडाने बुजवून वर कठडा बांधावा, रहाट बसवावा आणि पाणी दोराने वर ओढावं. मोटेला हरकत नाही. दगड आणि रहाट सरकार देईल. पाणी फडक्याने गाळून प्यावं. विहीर बुजवू नये.

शेवटची ओळ मी दोनदा वाचली.

नागाक्का खाली बसली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोसल्या असत्या. ती एवढंच म्हणाली, "तवा इचारलं व्हतं मी तुमाला. खाली काय लिवलंय म्हणून."

"व्हय अक्का."

"मग कामून न्हाई वाचलं?"

मी तिथेच ओसरीवर बसून अर्ज लिहिला. शेकड्यांनी अर्ज लिहिले, पण सरकारने आमच्यावर पुन्हा हुकूम काढावा अशी विनंती करणारा हा एकच. गुलबर्ग्याला पेशकार तो वाचून हसला, दुसऱ्यांना वाचून दाखवला. मग माझ्या पायावरची काडी त्याच्या नजरेला पडली आणि तो हसायचा थांबला.

डॉक्टर स्वतः आले. आधी मल्लव्वाकडे गेले, दोन दिवस तिच्या बाजेपाशी बसून राहिले. ती जगली, पण तो पाय पुन्हा सरळ झाला नाही. माझा घोटा बरा झाला, खूण तेवढी राहिली. मल्लव्वा मात्र मी पाहिलं तोवर काठी घेऊनच चालायची आणि मला पाहून पदर सावरून "या अण्णा," म्हणायची. ते "या" मला फार जड जायचं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बॅगेतून हुकूम काढला. चिकटवायला डिंक आणला नव्हता. त्यांनी आधी तो नागाक्काला तिच्या भाषेत, वर्षभरात शिकलेल्या मोडक्यातोडक्या शब्दांत, सगळा सांगितला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग पुढे केला. ओसरीवर जमलेल्या लोकांनी सवयीने हात मागे घेतले. नागाक्काने पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी कागद घेतला.

"पंच लागते दो," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पावती घेतली. या वेळी वरपासून खालपर्यंत वाचली. मग पंचाच्या कोऱ्या जागेवर पहिली सही केली.